सुरू न होण्याचं कारण

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मराठी मुलखाने गेल्या काही वर्षांत ज्या मुकाट्याने पत्करलं, तितक्या मुकाट्याने पूर्वी फक्त दुष्काळ आणि मरण पत्करलं जायचं. सातबाऱ्याचा उतारा हवा असो, रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावायचा असो, पीक विम्याचा अर्ज शेवटच्या तारखेआधी भरायचा असो. खिडकीपलीकडून हे शब्द आले की रांग मोडते आणि माणसं आल्या वाटेने घरी जातात. जे घडलं त्याचं कारण विचारायची सवय आपल्याला आहे. आग लागली की कशाने लागली हे विचारतो, अपघात झाला की चूक कुणाची हे विचारतो. पण जे घडायला हवं होतं आणि घडलंच नाही, त्याला कारण असतं का? असलं तर ते शोधायचं कुठे आणि जाब कुणाला विचारायचा? इथे आल्यावर चांगली विचारी माणसंही नशिबाकडे बोट दाखवून मोकळी होतात. माझं म्हणणं असं आहे की न घडलेल्या गोष्टीलाही कारण असतं आणि ते सापडतं; मात्र काय घडायला हवं होतं हे आधी कुठेतरी ठरलेलं, शक्यतो लिहून ठेवलेलं असावं लागतं. हे तपासण्यासाठी दोन उदाहरणं घेतो. एक सुरू होईनाशा झालेल्या मेल सर्व्हरचं आणि दुसरं धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या खंडोबाचं. दोन्ही एकत्र घेतल्याने देवाची थट्टा होत नाही आणि यंत्राची पूजाही होत नाही, हे पुढे दिसेलच.

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं गाव. तिथल्या खंडोबाची ख्याती अशी की मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले साधारण सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गला, म्हणजे मैलारपूरला. नळदुर्गची मोठी यात्रा पौष पौर्णिमेची. तेव्हा देवाचा मुक्काम तिकडे असतो आणि मुदत सरली की तो अणदूरला परततो. येळकोटाच्या गजरात, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या वाटेवरून हा प्रवास होतो. पण गजराइतकंच महत्त्व इथे कागदाला आहे. मूर्ती नेताना आणि आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाचा करारनामा ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गमतीची वाटते, पण तिच्यात मोठा तत्त्वविचार दडलेला आहे. मूर्ती पौषात अणदूरच्या देवळात नसते. समजा, ती आषाढात नसली तर? डोळ्यांना दिसणारी गोष्ट दोन्ही वेळा एकच: त्या जागी ती मूर्ती नाही. तरी पौषातलं नसणं हा नित्यक्रम आणि आषाढातलं नसणं हा हाहाकार. दोहोंतला फरक गाभाऱ्यात शोधून सापडणार नाही, तो करारात आहे. शिवाय ती मूर्ती बारा महिने महाराष्ट्रातल्या हजारो देवळांत नसतेच. त्या नसण्याची नोंद कुणी ठेवत नाही, कारण तिथे ती असावी असं कुणी ठरवलेलं नाही.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हा मुद्दा फार काटेकोरपणे मांडून ठेवला आहे. त्यांच्या मते अभाव हाही एक पदार्थ आहे, म्हणजे जगात जे जे आहे त्याच्या यादीत ‘नसणं’ही मोडतं. पण नुसतं ‘नाही’ असं काही नसतं. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, त्याला ते प्रतियोगी म्हणतात, आणि कुठेतरी असतो, ते त्याचं अधिकरण. या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय अभावाचं विधान पुरं होत नाही. या कसोटीवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य घासून पाहिलं तर ते अर्धवट ठरतं. काय बंद आहे, कुठे बंद आहे, कधीपासून बंद आहे, यातलं काहीच त्यात नाही.

आता मेल सर्व्हर. तो बाहेरून एक वस्तू वाटतो, पण आत आठ-दहा वेगवेगळे कार्यक्रम एकमेकांच्या आधाराने चालत असतात. झिम्ब्रासारख्या प्रणालीत वापरकर्त्यांची आणि व्यवस्थेची नोंदवही सांभाळणारा एलडॅप वेगळा, पत्रं साठवणारा मेलबॉक्स वेगळा, पत्रांची ने-आण करणारा एमटीए वेगळा, विषाणू आणि जाहिरातबाजीची पत्रं गाळणारे आणखी वेगळे. सुरू करण्याची आज्ञा दिली की ही प्रणाली सर्वांत आधी एलडॅपला उठवते आणि त्याला विचारते, या यंत्रावर कोणकोणत्या सेवा चालू असायला हव्यात? म्हणजे ‘काय असायला हवं’ याचा करारनामा इथेही आहे, आणि पहिलं काम तो वाचण्याचं आहे. तो वाचता आला नाही तर प्रणाली तसं सांगते: कोणत्या सेवा चालू असाव्यात हे एलडॅपकडून कळू शकलं नाही. पुढे पडद्यावर ‘बंद’, ‘बंद’, ‘बंद’ अशी माळ लागते आणि नवखा माणूस घाबरून प्रत्येक सेवा वेगवेगळी दुरुस्त करायला धावतो. मेलबॉक्सची तक्रार वेगळी, एमटीएची वेगळी. नोंदीत शेकडो ओळी साचतात. मुरलेला माणूस शेवटची ओळ वाचत नाही, तो वर सरकत सरकत पहिली तक्रार गाठतो.

त्या पहिल्या तक्रारीमागे काय असू शकतं, याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो. वीज गेली तरी यंत्राचं घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तो सेल संपलेला आहे, वीज बराच वेळ गेली आहे, आणि वीज परत आल्यावर नेटवर्कवरून वेळ जुळवून घेण्याची सोयही त्या क्षणी उपलब्ध नाही, असं समजा. यंत्र जागं होतं ते काही वर्षांपूर्वीच्या तारखेला. एलडॅप उठतो, बिनतक्रार चालूही होतो. पण त्याच्याशी सुरक्षित बोलण्यासाठी जे सर्टिफिकेट दाखवावं लागतं त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, आणि यंत्राच्या मते ती सुरुवातीची तारीख अजून उजाडलेलीच नाही. पडताळणी फसते, बोलणं तुटतं, यादी वाचली जात नाही, आणि पत्रांची सगळी व्यवस्था ठप्प होते. सर्टिफिकेटची मुदत खरोखर संपलेली असेल तरी फळ तेच. गंमत अशी की ज्या एलडॅपवर आळ येतो तो बिचारा जिवंत असतो, आणि जो सेल कारण आहे त्याचं नाव त्या शेकडो ओळींत कुठेही नसतं.

कारण शोधण्याची इथली रीत काही संगणकाबरोबर आलेली नाही. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे ते असताना हे असतं आणि ते नसताना हे नसतं, ही जोडी लावून पाहायची. तर्कसंग्रहात अन्नंभट्टाने कारणाची व्याख्या केली ती कार्याच्या आधी नियमाने असणारी गोष्ट अशी. पण आधी असणारं सगळंच कारण नसतं, हेही शास्त्रकारांना ठाऊक होतं. कुंभाराची माती वाहून आणणारं गाढव घडा होण्याआधी तिथे हजर होतं, तरी ते घड्याचं कारण नव्हे. ती माती दुसऱ्या कशानेही आली असती. नैयायिक अशा गोष्टीला अन्यथासिद्ध म्हणतात. बिघाड शोधणाऱ्याचा निम्मा वेळ असली गाढवं हाकलण्यात जातो. काल नवा प्रिंटर जोडला होता, परवा कुणीतरी पासवर्ड बदलला होता, सकाळी पाऊस पडला होता. सगळं आधी घडलेलं, आणि त्यातलं बहुतेक अन्यथासिद्ध.

इथे पहिला आणि सर्वांत दमदार आक्षेप येतो. शून्यातून काही निघत नाही. सेलमध्ये विजेचा ‘अभाव’ होता म्हणता, पण जे नाहीच ते काही करणार कसं? अभावाला कारण म्हणणं हा फक्त बोलण्याचा सोयीस्कर प्रकार आहे. हा वाद आपल्याकडे विस्तवावर रंगला. विस्तव जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला तर जाळत नाही, असं उदाहरण घेऊन मीमांसक म्हणाले की विस्तवात जाळण्याची शक्ती नावाची एक वेगळी चीज आहे आणि मणी ती नष्ट करतो. नैयायिक म्हणाले, अशी अदृश्य शक्ती मानण्याची गरज नाही. जाळण्याच्या कारणांत ‘प्रतिबंधक नसणं’ हेही एक कारण धरा म्हणजे झालं. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हा पक्ष लढवला आणि भाव जसा कारण होतो तसाच अभावही होतो, असा निर्वाळा दिला. हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करण्यासाठी लिहिलेला आहे, हे विसरू नये. देव मानणाऱ्या तर्कपंडितानेही विस्तवाने का जाळलं नाही याचं उत्तर देवाच्या लहरीवर सोडलं नाही. (मण्याने विस्तवाचं जाळणं थांबत नाही, हे आज शाळकरी पोरही सांगेल; पण उदाहरण जुनं झालं म्हणून युक्तिवाद जुना होत नाही.)

मेल सर्व्हरमध्ये हा प्रतिबंधक रोज भेटतो, आणि मण्यापेक्षा पुष्कळ खरा असतो. पत्रांची ने-आण ठरल्याप्रमाणे २५ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. यंत्र चालू होताना दुसराच एखादा मेल कार्यक्रम, जो कार्यप्रणालीबरोबर आपोआप आला होता आणि कुणी बंद केला नव्हता, ते पोर्ट आधी अडवून बसला तर खरा एमटीए उठतो, जागा व्यापलेली पाहतो आणि पडतो. त्याच्यात काही कमी नाही, त्याची शक्ती कुणी हिरावलेली नाही. फक्त एक अडथळा हटलेला नाही. याहून मजेशीर प्रकार म्हणजे चालू कार्यक्रम आपला क्रमांक एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो. वीज अचानक गेली तर कार्यक्रम मरतो आणि ती फाइल मागे राहते. पुढच्या वेळी सुरू करायला गेलं की उत्तर मिळू शकतं, मी तर आधीच चालू आहे! नसलेल्याची खूण असलेल्याला जन्मू देत नाही. म्हणून नसणं ओळखायलाही प्रमाण लागतं. भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण अट घातली: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशा जागी आणि अशा उजेडात ती दिसली नाही तरच तिचा अभाव सिद्ध होतो. अंधारात न दिसलेला घडा ‘नाही’ म्हणता येत नाही. फाइल पाहून कार्यक्रम जिवंत आहे असं म्हणणारा आणि बाहेरून पत्र आलं नाही एवढ्यावरून सर्व्हर मेला असं म्हणणारा, दोघेही ही अट मोडतात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञही अलीकडे त्याच्याशी झगडत आहेत. अभावाला कारण मानलं तर अभावांना अंतच नाही. सर्टिफिकेटचं नूतनीकरण सर्व्हर सांभाळणाऱ्याने केलं नाही, खरं. पण ते अणदूरच्या सरपंचांनीही केलं नाही, सोलापूरच्या स्टेशनमास्तरनेही केलं नाही, आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकीही कुणी केलं नाही. यातल्या कुणीही केलं असतं तर सर्व्हर उठला असता. मग एकट्या त्या माणसाचं न करणं तेवढं कारण आणि बाकीच्यांचं नाही, हे कशावरून? निव्वळ भौतिक कार्यकारणभावात याचं उत्तर मिळत नाही, असं माझं मत आहे. ते मिळतं करारात. मूर्ती ठरल्या वेळी निघाली नाही तर कुणाचं चुकलं हे अणदूर आणि नळदुर्गच्या माणसांना कळेल, कारण कुणी द्यायची आणि कुणी घ्यायची हे लिहिलेलं आहे. तिसऱ्या गावाच्या लोकांनीही ती पोहोचवली नाही, पण तो त्यांचा दोष कुणी म्हणणार नाही. न करणं हे कारण ठरतं ते करण्याची जबाबदारी आधी नेमलेली असते तिथे. म्हणजे न घडलेल्याच्या चौकशीत निसर्गाचा नियम आणि माणसांचा करार दोन्ही एकाच वेळी लागतात. हे मान्य करायला तत्त्वज्ञ कचरतात, कारण त्यात कारणमीमांसेत नीतीची भेसळ झाल्यासारखी वाटते. वाटू दे. अभाव हा विषयच असा आहे.

कुणी म्हणेल, मग थांबायचं कुठे? सर्टिफिकेट जुनं झालं कारण कुणी बदललं नाही, बदललं नाही कारण आठवण करून देणारी व्यवस्था नव्हती, ती नव्हती कारण त्या पदावर माणूसच नव्हता, माणूस नव्हता कारण पैसे मंजूर झाले नव्हते. अशा साखळीला अनवस्थेचा दोष लागतो. मराठीत या साखळीचा सर्वांत गाजलेला वापर जोतीराव फुल्यांनी केला आहे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आरंभीच ते विद्या नसण्यापासून शूद्रांच्या खचण्यापर्यंतच्या सगळ्या हानी एकात एक गुंफतात आणि साखळी अविद्येपाशी आणून थांबवतात. तिथेच का? अविद्येलाही कारणं होतीच. पण ती कडी अशी होती की तिथे हात घातला तर पुढचं सगळं बदलतं, तिथे हात घालणं माणसाच्या आवाक्यात आहे, आणि ती कुणी मुद्दाम लादली हेही दाखवता येतं. थांबण्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. सर्व्हरच्या बाबतीत तीच लावली तर दहा रुपयांचा की पन्नास रुपयांचा तो सेल बदलणं हे आजचं काम आणि तारखांची आठवण देणारी व्यवस्था उभारणं हे या महिन्याचं. विद्युतरसायनाचा मूळ नियम शोधत बसणं कुणाचंच काम नव्हे.

व्यवहारी माणसाचा आक्षेप यापेक्षा छोटा आणि चिवट: इतकी मीमांसा कशाला, बंद करून चालू करा, बहुतेक वेळा चालतं. चालतं, हे खरं आहे. पोर्ट अडवणारा कार्यक्रम यंत्र परत सुरू केल्यावर कधी मागे पडतो, खरा एमटीए पुढे सरतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. कोण कुठे बसलं होतं हे पाहण्याची ती एकच वेळ होती. पुढच्या वीज कपातीला तेच परत घडतं आणि मग ‘या यंत्राला बाधा झाली आहे’ अशी समजूत रुजते. कारण न शोधता मिळालेलं यश अंधश्रद्धेला जितकं खतपाणी घालतं तितकं अपयशही घालत नाही.

राहिला भाविकाचा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. मल्हारी मार्तंडाच्या इच्छेविना पान हलत नाही. घडलं तेही त्याने, न घडलं तेही त्याने. असं मानणाऱ्याचं मन शांत राहतं, आणि शांत मनाची किंमत कमी नाही. पण अणदूरची रीतच या म्हणण्याला उत्तर देते. ज्या देवाच्या इच्छेने सगळं चालतं त्याच देवाचा मुक्काम दोन गावांनी इच्छेवर सोडला नाही. महिने ठरवले आणि कागद केला. त्यात श्रद्धा उणी झाली असं कुणाही भक्ताला वाटत नाही. देवाचं येणं-जाणं ही माणसांनी पार पाडायची जबाबदारी आहे, हे त्या परंपरेने निमूट मान्य केलं आहे. मग सरकारी खिडकीवरचं यंत्र देवापेक्षा मोठं कधी झालं, की त्याच्या न चालण्याला कागद नको आणि कारणही नको?

मेल पाठवण्याचे नियम आखणाऱ्यांनी न घडण्याचा विचार आधीच करून ठेवला होता. पत्र घेणारा सर्व्हर उठला नाही म्हणून पत्र लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवतो, थोड्या थोड्या वेळाने दार ठोठावत राहतो, आणि हा प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालावा अशी अपेक्षा त्या नियमांत लिहिलेली आहे. तोवरही जमलं नाही तर पाठवणाऱ्याला लेखी कळवलं जातं: तुमचं पत्र पोहोचलं नाही, आणि कारण हे. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चा, इलेक्ट्रॉनिक मजकूर कधी ‘मिळाला’ हे ठरवताना तो नेमून दिलेल्या संगणकात कधी शिरला हे पाहतो. म्हणजे न उठलेल्या सर्व्हरचं न उठणं कोर्टातही मोजलं जाऊ शकतं.

मग माणसांशी व्यवहार करणाऱ्या खिडकीने यापेक्षा कमी का द्यावं? कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरलेली आहे, ती सेवा देणारा पदनिर्देशित अधिकारी नेमलेला आहे, अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि विनाकारण कसूर केल्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हाच आपला करारनामा. पण त्यातली मुदत अर्ज स्वीकारल्यापासून मोजली जाते, आणि ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून परत फिरलेल्या माणसाचा अर्ज स्वीकारलेलाच नसतो. त्याचं काम न होणं कुठल्याही वहीत चढत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ते तीन शब्द ऐकले तर घरी जाऊ नका. कोणती सेवा बंद आहे, कधीपासून, आणि ती सुरू करण्याची जबाबदारी कुणाची, एवढं विचारा. अर्ज कागदावर लिहून द्या, आणि तारीख घातलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकी सोडू नका.